धुरपताबाईंची चांदी आणि मी

मित्रांनो, लोखंड, पितळ, चांदी जवळ आली की किंचाळणारा मी एक जुना धातुशोधक आहे. हातात धरायचा, बॅटीसारखा चपटा. माझा जन्म परदेशातला. विमाने पळवण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा सरकारने पुष्कळ पैसे मोजून मला आणले आणि नागपूरच्या विमानतळावर पोलिसांच्या हाती दिले. मी अनसिंगच्या पोलीस शिपाई वच्छलाबाईंच्या वाट्याला आलो. बायकांची तपासणी त्या पडद्याआड करत.

एके सकाळी वाशीमजवळच्या मालेगावकडच्या बंजारा तांड्यावरून धुरपताबाई आल्या. त्यांचा फौजी मुलगा दिल्लीच्या इस्पितळात होता. पाय कापावा लागेल की काय, अशी भीती होती. त्याच्या साहेबांनी आईसाठी तिकीट पाठवले होते.

मी जवळ गेलो आणि ओरडतच सुटलो. गळ्यात चांदी, पायांत चांदी, केसांत चांदी! गळ्यातले, पायांतले त्यांनी काढून दिले. वेणीत गुंफलेल्या घुगऱ्यांवर, सौभाग्याच्या त्या चांदीच्या गोंड्यांवर, मात्र दोन्ही हात ठेवले.

"हे निघत नसते, पोरी. माहा नवरा जिता हाय."

बाहेरून एक प्रवासी ओरडला, "सोडा हो त्या म्हातारीला! उशीर होतोय!"

वच्छलाबाईंनी सोडले नाही. मला बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मावशी, काढू नोका. मी हातानं पायतो. चालते?"

"विमान गेलं तं?"

"तुमाले घेतल्याबिगर जाऊ देत नाही."

त्यांनी एकेक बट हळूच चाचपली. घुगऱ्यांखेरीज काहीच नव्हते. सुटलेली वेणी पुन्हा गुंफली आणि धुरपताबाईंचा हात धरून त्या थेट विमानाच्या शिडीपर्यंत धावल्या.

दिल्लीहून परतताना धुरपताबाई मुद्दाम पडद्यापाशी आल्या. "पाय वाचला, पोरी," एवढेच बोलल्या आणि रडल्या.

पुढे एक मोठे साहेब आले. "एवढा खर्च! सापडलं काय?"

"चाकू आन् कात्र्या, साहेब," वच्छलाबाईंनी खरे तेच सांगितले.

कधी काही विपरीत घडले नाही, ते माझ्यामुळे की नशिबाने, हे मलाही सांगता येत नाही. पण त्या पडद्याआडून कोणी मान खाली घालून गेले नाही, हे मी पाहिले आहे.

नवी यंत्रे आल्यावर मला वाशीमला धाडले. मोठी सभा असली की फाटकावर मला काम मिळते. मी सुखात आहे. मित्रांनो, काम झाले की माझ्यातली बॅटरी तेवढी काढून ठेवा. ती गळली तर मी आतून सडतो. आणि तुमच्यापाशी ओरडलो तर रागावू नका, जरा थांबा. घुगरी कोणती आणि सुरी कोणती, हे मला कळत नाही. ते पाहायला मला धरणारे माणूसच लागते.