रंगाऱ्याच्या भट्टीची सुट्टी

टप्कन थेंब पडला, आणि पडला तोही कुठं? वरुणा गावच्या गौडाच्या, म्हणजे पाटलाच्या, मुलीच्या लग्नातल्या लाल लुगड्यावर! काळा, चिकट, काकवीसारखा. जमुनाबाईनं लुगडं झटकन बाजूला ओढलं.

"अय्यो!" तिचे सासरे गुरुराव रंगारी गरजले. "या धुराड्यानं माझी अब्रू घालवली. उद्याच उपटून फेकतो!"

आता हे धुराडं म्हणजे भट्टीवरून छपराबाहेर गेलेली पत्र्याची नळी. गेल्या वर्षी जमुनेनंच हट्टानं बसवून घेतलेली. कुणासाठी? तर सासूसाठी, गौराबाईसाठी. उभा जन्म भट्टीपाशी धूर गिळून त्या माउलीची छाती पोखरली होती. नळी आली तशी ती बिचारी झोपायला तरी लागली. नळी गेली की पुन्हा तोच जीवघेणा खोकला. सासू त्यातून वाचायची नाही, ही जमुनेला धास्ती. आणि म्हाताऱ्याला लुगड्याची पडलेली!

जमुनेनं नळीची खालची झडप उघडून आत पाहिलं. बोटभर जाड डांबर साचलेलं, धुराला वाट जेमतेम उरलेली. नाही साचणार तर काय! रंगाच्या कढईला मंद आच हवी म्हणून ओली लाकडं जाळायची, वर ओला भुसा टाकून आग दडपायची. तो सगळा ओला धूर नळीत चढायचा आणि तिथंच थिजायचा.

"मामंजी, खरवडून काढलं की झालं. फक्त एक दिवस भट्टी विझवावी लागेल."

"विझवायची? जीभ तरी कशी रेटली तुझी!" गुरुराव लालबुंद झाले. "आजोबांनी पेटवलेली आग आहे ती. विझली की घर बुडालं म्हणून समज."

"मग आत्याबाईंनी मरायचं का?"

बोलून गेली आणि जमुनेनं जीभ चावली. तेवढ्यात गौराबाई घागर घेऊन आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आग आजोबांची खरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण लग्न होऊन आल्यापासून पहाटे उठून तिला फुंकर कोण घालतंय? मीच ना? मग विझवीनही मीच. व्हायचं ते माझं होऊ दे."

आणि घागर सरळ भट्टीत ओतली! फस्सदिशी वाफ उठली. गुरुराव डोक्याला हात लावून खालीच बसले.

काही म्हणजे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नळी गार झाल्यावर जमुनेनं बांबूला खराटा बांधला, पदर खोचला आणि शिडीला हात घातला.

"उतर खाली! सुनेला छपरावर चढवलं म्हणून गावानं मला हसायचं काय?" असं करवादत गुरुराव स्वतःच चढले. काळ्या खपल्यांचा ढीग पडला. म्हातारा खाली आला तो मिशांसकट काळा. गौराबाई पोट धरधरून हसल्या.

देवापुढच्या दिव्यावरून भट्टी पुन्हा पेटली. या खेपेला वाळकी लाकडं, पण थोडी थोडी घातलेली. धूर सरळ वर गेला. लुगड्याचा डाग तेल चोळून काढला, परत रंगात बुडवलं, आणि लाल कसं झकास चढलं! गुरुराव ते उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

"नळी राहू दे," शेवटी ते म्हणाले. "दर अमावस्येला भट्टी थंड करून खरवडायची. आयतु! झालं, ठरलं!"

गौराबाई गोंधळल्या. "म्हणजे अमावस्येला मला भट्टी नाही? मग दिवसभर मी करू काय?"

"नंजनगूडला जा की, भावाकडे," जमुना म्हणाली. "आगगाडी आहे."

गौराबाईंचे डोळे भरून आले. "आगीला सोडून कधी गेलेच नाही गं मी. त्याचं घर तरी सापडेल का मला?"

गुरुरावांनी लुगडं खाली ठेवलं.

"मी नेतो तुला," ते म्हणाले.