नातं तोडल्याची जाहिरात

थुरेनने स्वतःबद्दल लिहिलेला ‘हट्टी’ हा शब्द खोडला, वर ‘नालायक’ लिहिलं आणि कागद ऊ टिन म्याइंगकडे सरकवला. म्हातारा पूर्वी यांगोनच्या एका वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती लावायचा. आता सीमेबाहेरच्या माए सोट गावातल्या या चहाच्या दुकानात, नदीपलीकडून पळून आलेल्या सगळ्यांसारखा, एका कपावर सकाळ काढायचा.

“बरं आहे. पण ‘वारंवार मन दुखावलं’ हवंच. त्याशिवाय लष्कराला तुझा बाप खरा वाटायचा नाही.”

“माझ्या बाबांनी तर फोटोसुद्धा छापला, काका,” शेजारी बसलेली नर्स ईंद्रा म्हणाली. “पाचवीतला. आता मला धरायचं तर दोन वेण्यांची पोर शोधत फिरा म्हणावं.”

तिघेही हसले. असल्या गोष्टींवर हसणं आता अंगवळणी पडलं होतं.

वीजखात्यात लष्कराविरुद्ध संप केला तेव्हापासून थुरेनवर वॉरंट होतं. पकोक्कूच्या घरी शिपाई दोनदा येऊन बजावून गेले होते: पौर्णिमेच्या आत आईवडिलांनी पोराशी नातं तोडल्याची जाहिरात द्यायची, नाहीतर घराला सील. घर आईच्या नावावर होतं. वडील निवृत्त मुख्याध्यापक. जन्मात कुणाच्या दाखल्यावर खोटा शेरा मारला नव्हता, त्यांच्याने हे लिहवेना. म्हणून पोरगाच लिहीत होता.

संध्याकाळी त्याने फोनवर मजकूर सांगितला.

“‘नालायक’ काढू का रे?” वडिलांनी विचारलं.

“राहू द्या, बाबा. खाली नावं मात्र दोघांची हवीत. आईचंही. त्याशिवाय घर वाचायचं नाही.”

“‘यापुढे तो आमचा कुणी नाही.’ पुढे?”

“पुढे काही नाही. संपलं.”

पौर्णिमा उलटल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात, मुदतीत छापून आलेल्या जाहिरातीचा फोटो ईंद्राच्या फोनवर आला. तिने तो मोठा केला. मजकूर जसाच्या तसा होता. फक्त ‘आमचा’च्या जागी ‘माझा’ होतं आणि खाली एकच नाव होतं, वडिलांचं.

“अर्धाच अनाथ झालास की रे!” ऊ टिन म्याइंग म्हणाला. मग त्यालाही घर आठवलं आणि त्याने खालचं नाव पुन्हा निरखलं.

थुरेनने तिथेच फोन लावला. आईने उचलला.

“आई, नाव का नाही दिलंस? घर जाईल ना!”

“गेलं. सकाळीच सील ठोकून गेले. शिलाई मशीन तेवढं मावशीकडे आणलंय.”

“अगं, तो नुसता कागद होता.”

“हो ना. घराचाही कागदच होता.” ती जरा थांबली. “बाबांना देते. जाहिरात देऊन आल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पण त्यांना आता मुलगा नाही म्हणे. बघ बोलतात का.”

मग हजेरी घेतानाचा तोच जुना आवाज आला, पण पार खचलेला.

“कोण बोलतंय?”

समोरची दोघं खाली मान घालून चहा पीत होती, कप केव्हाच रिकामे झाले असूनही.

“सर,” थुरेन म्हणाला, “तुमचा एक जुना विद्यार्थी.”

“नालायक,” वडील म्हणाले. “जेवलास का?”