साध्या कुंड्यांचे कैवारी

सहा वर्षं कृषी महाविद्यालयातल्या बाई सोयाबीनच्या पानांमागे हात धुऊन लागल्या होत्या. उजेड कमी असला तरी पानानं नेटानं अन्न बनवावं, म्हणून त्यांनी रोपाच्या जनुकांत फेरफार केला होता. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला आज प्रकल्पाला पैसे देणारे साहेब यायचे होते. आणि तासभर आधी तराजू काय सांगतो, तर फेरफार केलेली वीस रोपं आणि साधी वीस रोपं वजनाला सारखीच!

"सारखी भरणारच," पाणी घालणारे काका म्हणाले. "मेहनत घेतलीय मी."

"कसली मेहनत, काका?"

काकांनी मग मन मोकळं केलं. येईल तो 'सुधारित' चिठ्ठीवाल्यांचे लाड करणार, त्यांच्याच पानांना यंत्रं लावणार. 'साध्या' बिचाऱ्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून रोज बाई वर्गावर गेल्या, की काका साध्या कुंड्या सावलीतून उचलून खिडकीतल्या उन्हात नेत आणि दुपारी गुपचूप जागेवर आणून ठेवत. तीन महिने, सुट्टीच्या दिवशीसुद्धा मुद्दाम येऊन.

हसावं की रडावं, बाईंना कळेना. ज्या रोपांशी तुलना करायची, त्यांनाच या भल्या माणसानं उन्हाचा खुराक दिला होता. डोक्याला हात लावून त्या बसल्या, आणि बसल्या बसल्या ताडकन उठल्या. म्हणजे सुधारित रोपांनी सावलीत राहून उन्हातल्यांची बरोबरी केली होती की!

साहेबांपासून त्यांनी काहीच लपवलं नाही. साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला.

"हा काही पुरावा नव्हे. पण आशा आहे. चार महिने देतो, पुन्हा करा. आणि कुंड्या हलता कामा नयेत."

साहेब गेल्यावर बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. नव्या रोपांना नुसते आकडे द्यायचे, कुठला आकडा कोणाचा ते कपाटात कुलूपबंद. काका झारी धरून बघत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मग आता मी कीव कोणाची करायची?"

"माझी करा," बाई म्हणाल्या आणि अचानक त्यांचे डोळे भरून आले.

"तुमची तर पहिल्या दिवसापासून करतोय," काका म्हणाले.