डाव्या हाताचा रोल

घड्याळवाल्याने पन्नाशीत ड्रम शिकायला घेतले, तेव्हा बायको म्हणाली, "म्हातारचळ, दुसरं काय!" त्याने ते हसण्यावारी नेलं. चार महिने तो रबरी पॅडवर उजवा-डावा, उजवा-डावा घोटत होता. उजवा हात गुणी, डावा मात्र अडखळायचा. शिकवणाऱ्या बाई लेकीच्या वयाच्या, पण तोंडाने फटकळ. "काका, डावा हात काय उसना आणलाय?" असं सगळ्यांदेखत विचारायच्या.

आज रोल होता. काठी पॅडवर दाबून टेकवायची आणि तिच्या थरथरण्यातून सलग आवाज काढायचा. उजव्याने जेमतेम जमलं. डाव्याने काठी टेकवली मात्र, असा दाट, न तुटणारा आवाज उठला की बाकीचे आपलं वाजवणं सोडून ऐकू लागले.

"बघा, याला म्हणतात मेहनत!" बाई हरखल्या. "कसं जमवलंत, काका?"

त्याने काहीच जमवलं नव्हतं. गेला महिनाभर दुकानात डाव्या हातातल्या चिमट्यातून बारीक स्क्रू निसटत होते, आणि हे त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"छान. आता थांबा," बाई म्हणाल्या.

त्याने उजव्या हाताने डावं मनगट घट्ट आवळून धरलं, तेव्हा कुठे आवाज थांबला.