शिंपीकाकांची ताणलेली टेप

या, मित्रांनो, जवळ सरका. एका कंबरेची गोष्ट सांगते. हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

मी एक जुनी टेप आहे. तीस वर्षं शिंपीकाकांच्या गळ्यात मिरवले. देवाने प्रत्येकाला देह दिला आणि त्याचा घेर सांगायचं काम मला दिलं. शाळेचे गणवेश आमच्याकडेच शिवतात. काका माप घेऊन मोठ्याने पुकारत, काकू वहीत लिहीत. पूर्वी दहा वर्षांच्या मुलाला मी चोवीस म्हणायची, आता अठ्ठावीस-तीस सर्रास. मोठ्यांची तर बातच सोडा. साऱ्या जगाची कंबर वाढते आहे म्हणे. वाढेल नाही तर काय? समोरचं मैदान गाड्यांनी गिळलं. पाण्याच्या बाटलीपेक्षा रंगीत सरबत स्वस्त झालं. आणि बोट कुणाकडे? पोरांच्या पोटाकडे!

एकदा शर्यतीच्या गणवेशासाठी पाचवीतली सगळ्यात वेगाने पळणारी मुलगी आली.

"घेर बत्तीस!" काकांनी पुकारलं.

"काका, दुसरी टेप जोडा!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. सगळे खिदळले.

आठ दिवसांनी तिच्या पँटचं बटण लागेना. काका म्हणाले, "आठवड्यात फुगलीस की गं!"

मुलीने शर्यतीतून नाव काढलं. डबाही तसाच परत जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी तिची आई दुकानात आली. "भाऊ, पोर जेवत नाही हो."

काकूंनी काकांच्या गळ्यातून मला ओढलं आणि कापड बेतायच्या नव्या टेपशेजारी पसरलं. माझ्या बत्तीससमोर तिचे साडेतेहतीस!

"अहो, ही म्हातारी ताणली गेलीय, माप कमी सांगते! अंग हिने मोजलंत, कापड नवीने बेतलंत. आणि बोल लेकराला?"

काका खाली मान घालून त्या मुलीच्या घरी गेले. "चूक माझी, बाळा. घेर साडेतेहतीस आहे. शिवणीत जादा कापड ठेवलंय, आत्ता सैल करून देतो."

मुलगी म्हणाली, "साडेतेहतीस तर साडेतेहतीस. मी पळणार!" आणि आधी जेवायला बसली.

मित्रांनो, घेर खरा होता. तिच्या पायांतला वेगही खराच होता. तब्येतीची काळजी जरूर घ्या, पण लाजवून कुणाची कंबर उतरली आहे का? त्यापेक्षा मोठ्यांकडे मैदान परत मागा, हट्टाने मागा!

आता काका माप पुकारत नाहीत. आकड्यावर बोट ठेवून काकूंना दाखवतात. मी खिळ्यावर लटकते. खुशाल लटकेन. तुम्ही मात्र कुणाच्या पोटाला हसण्याआधी, जेवून धावायला निघालेल्या त्या मुलीची आठवण ठेवा.