गिटारची जागा मागे होती

मित्रांनो, माझ्या कपाळावर हळदीकुंकवाची इतकी पुटं चढली आहेत की नवखा माणूस मला हात जोडेल. जोडू नका. मी एक जुना प्रीअ‍ॅम्प आहे, आणि माझ्यामुळे एका भल्या माणसाचा हात वाया गेला.

मायक्रोफोनचा किंवा गिटारचा आवाज वायरीतून येतो तेव्हा फार अशक्त असतो. त्याला बळ देऊन टेपरेकॉर्डरकडे पाठवायचं, हे माझं काम. पुण्याच्या एका कारागिराने १९९४ साली मला घडवलं. पुढच्या अंगाला त्याने मायक्रोफोनसाठी सॉकेट बसवलं आणि पाठीवर गिटारसाठी वेगळं. त्याला कारण होतं. पुढचं सॉकेट आलेला प्रवाह हावरटासारखा ओढतं. त्याचा इनपुट इम्पीडन्स कमी, असं जाणकार म्हणतात. मायक्रोफोन ते सोसतो, गिटारला सोसत नाही. पाटाला मध्येच भगदाड पडलं की शेवटचं वावर कोरडं राहतं, तसे तिचे बारीक, टोकदार सूर वाटेतच संपतात. मागचं सॉकेट तिच्याकडून जेमतेम थेंबभर घेतं, म्हणून तिथून आवाज जसाच्या तसा येतो.

मार्गासनीच्या आनंदरावांनी मला विकत घेतलं आणि भोरला कॅसेट भरायची खोली थाटली. त्यांच्या पत्नी बनाबाई भारी हौशी. ब्लाउजच्या उरलेल्या मखमलीचं त्यांनी मला कव्हर शिवलं. पुढे सॉकेट आणि बटणांपुरतं कापलं, मागे विजेच्या आणि टेपरेकॉर्डरच्या वायरींपुरती चीर ठेवली आणि बाकी सगळं बंद केलं, धूळ जाऊ नये म्हणून. खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडायची. येणारे-जाणारे म्हणत, "यंत्र जपावं तर आनंदरावांनी!" मीही फुगायचो. माझी पाठ झाकलेली आहे, हे सगळे विसरून गेले.

१९९८ साली जहांगीरभाई आले. ते ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत. सहा महिन्यांपूर्वी वरव्याजवळ वाद्यांचा टेम्पो उलटला होता. त्यात त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर फुटला आणि डाव्या हाताची दोन बोटं मोडली. हाडं जुळली, पण मनातली भीती गेली नव्हती. अपघातानंतर पहिल्यांदाच ते स्वतःला यंत्रातून ऐकणार होते.

आनंदरावांनी गिटारची वायर पुढच्या सॉकेटमध्ये खुपसली. बोटं चोख फिरत होती, मित्रांनो. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक? पण बाहेर पडला तो गोधडीखालून आल्यासारखा आवाज.

"आनंदराव, जरा मोकळा आवाज येईल असं करा की," जहांगीरभाई म्हणाले.

आनंदरावांनी सगळी बटणं फिरवून पाहिली. "यंत्र तर चोख हाय, भाई. आमच्या मंडळींनी लई जपलंय. तुमच्या बोटाला अजून जोर आला नसंल."

जहांगीरभाई आपल्या हाताकडे बघत राहिले. "व्हय," ते हळूच म्हणाले, "मला वाटलंच हुतं."

मला ओरडता आलं असतं तर! पण दुसऱ्यांचे आवाज मोठे करणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो. जहांगीरभाईंनी घरी जाऊन गिटार खुंटीला टांगली ती टांगलीच, आणि ते बेकरीत खारी-टोस्ट तोलायला लागले. त्यांच्या पत्नी अजीजुन्निसा ती गिटार तेवढी पुसून ठेवत.

पुढे कॅसेटचा धंदा बसला. २००६ साली मला मोडीत घालायचं ठरलं, तेव्हा बनाबाईंनी कव्हर उसवलं.

"अवं, हितं मागं अजून एक सॉकेट हाय. गिटारचं चित्र काढलंय बगा."

आनंदरावांनी त्या चित्रावरून बोट फिरवलं. त्याच दुपारी मला आणि एक छोटा स्पीकर घेऊन ते जहांगीरभाईंच्या दारात गेले. "भाई, चूक माझी हुती. तुमचा हात बरा हुता," ते म्हणाले. त्यांनी वायर माझ्या पाठीत लावली. जहांगीरभाईंनी एक तार छेडली. घरभर स्वच्छ, खणखणीत सूर घुमला. अजीजुन्निसा स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. मग जहांगीरभाईंनी जुनी धून धरायला डावी बोटं तारांवर टेकवली. ती वाकेनात. आठ वर्षं ती तारांवर फिरलीच नव्हती.

"आता खरंच गेला हात," जहांगीरभाई म्हणाले. "पन तवा गेला नव्हता. एवढं कळलं, आनंदराव."

अजीजुन्निसांनी मला मोडीत जाऊ दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या हितंच," त्या म्हणाल्या. "ह्यांनी नीट वाजवलं हुतं, त्याचा साक्षीदार हाय त्यो."

तेव्हापासून मी गिटारखालच्या फळीवर आहे, उघडाच. मित्रांनो, यंत्रं जरूर जपा, त्यांची पूजाही करा. पण वर्षातून एकदा त्यांची पाठ बघा. आणि माणूस चुकतोय की यंत्र, असा प्रश्न पडला तर आधी यंत्र तपासा. वायर काय, कधीही काढून दुसरीकडे लावता येते.