एक जून

नागोराव गुरुजींना त्यांच्या शाळेतल्या बहुतेक मुलांचा वाढदिवस पाठ होता, कारण तो एकच होता. एक जून. हिंगोलीकडच्या त्या गावात बाळंतपणं घरीच व्हायची, तारीख कोणी लिहून ठेवायचं नाही. आई सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली," नाहीतर, "नदीला पूर आला त्या साली." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की वय सहा. रजिस्टरात जन्मतारीख, एक जून. गावोगावचे मास्तर हेच करत, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नसे.

आता निवृत्त होऊन गुरुजी विश्रांतवाडीला मुलाकडे राहत. जूनच्या चोवीस तारखेला ते पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बाकावर बसले होते. शेजारी त्यांच्याच दोन विद्यार्थिनी, सख्ख्या बहिणी. थोरली मुक्ता खराडीच्या एका आयटी कंपनीत साफसफाईला होती. धाकटी प्रियदर्शनी यंदा बारावी झालेली. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. मुलांसाठी एक संस्था इथे शिबिर भरवायची, बाहेरून मोठे सर्जन यायचे, त्यात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. आज भरती व्हायचं होतं. मुक्ताने पिशवीत टॉवेल, कंगवा आणि बिस्किटांचे पुडे भरून आणले होते.

"अर्जात वय सोळा आहे," टेबलामागच्या शेफाली मॅडम म्हणाल्या. रुग्णांच्या कागदपत्रांचं काम त्या बघत. "आधार कार्डावर अठरा पूर्ण. मुलगी एकच आहे ना?"

"एकच," गुरुजी हसले. "अर्ज मीच भरलाय. वय बरोबर आहे. आधारवाल्यांनी काही घोटाळा केला असेल."

मॅडमनी एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. चौथी पास झाल्याचा शाळेचा दाखला. जन्मतारीख एक जून दोन हजार सात. खाली मुख्याध्यापकाची सही. न चा पाय जरा लांब ओढलेला.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही त्यांचीच होती.

मग त्यांना सगळं आठवलं. मुक्ता आठ वर्षांची होती आणि शाळेत येत नव्हती. गुरुजी घरी गेले तर ही अंगणात बहिणीला कडेवर घेऊन उभी. आईबाप कापूस वेचायला. "हिला कोण सांभाळल, गुरुजी?" गुरुजींनी धाकटीलाही उचललं आणि वर्गात आणून बसवलं. ती पाच वर्षांचीही नव्हती. तिचा हात डोक्यावरून कसाबसा कपाळाच्या कडेला पोचला. गुरुजींनी हसत हसत तिचं डोकं कलतं करून कान बोटांना टेकवला आणि पटावर नाव चढवलं. वय सहा. दोघी शाळेत आल्या, त्यांची शाळा मग सुटली नाही. या गोष्टीचा त्यांना आजवर अभिमान होता. आणि मार्चमध्ये अर्ज भरताना त्यांनी सहजच खरं वय लिहिलं, कारण प्रियदर्शनीचा जन्म कोणत्या पोळ्याचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आपण रजिस्टरात काय लिहिलं होतं, ते मात्र ते विसरले होते.

"मॅडम, दाखला चुकीचा आहे," ते म्हणाले. "मीच चुकीचा लिहिला."

"अर्जही तुमचा, दाखलाही तुमचा. खोटं तेव्हा लिहिलंत की आता, हे मी कोणाला विचारू?"

"तेव्हा."

"वा. म्हणजे साक्षीदारही तुम्हीच."

गुरुजींनी कोरा कागद मागितला. वळणदार अक्षरात सगळं लिहून काढलं, अगदी कान टेकवल्यापर्यंत. मॅडमनी ते पत्र एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांचा आवाज उतरला.

"माझा विश्वास बसलाय, सर. पण शिबिर संस्थेचं आहे. त्यांना अठराच्या आतली मुलं लागतात, आणि ते तारीख बघतात. थांबा, फोन करून पाहते."

त्या बाहेर गेल्या. काचेतून त्यांचा हात हवेत हलताना दिसत होता. मुक्ताने विचारलं, "काय म्हणते हो ती?"

"प्रयत्न करतेय."

"एप्रिलात जागा होती म्हणे."

एप्रिलची तारीख मिळत होती. प्रियदर्शनीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा त्याच आठवड्यात होती, आणि गुरुजीच म्हणाले होते, एवढी परीक्षा होऊ द्या, दोन महिन्यांनी काय होतंय. तेव्हा कागदावरही ती सतराचीच होती.

मॅडम परत आल्या आणि बसण्याआधीच त्यांनी मान हलवली. "शाळेच्या दाखल्यात दुरुस्ती करून आणा म्हणतात. शिबिर रविवारी संपतंय."

शाळा सोडलेल्या मुलाची तारीख बदलायला किती खेटे घालावे लागतात, हे गुरुजींइतकं कोणाला माहीत असणार? कितीतरी पालकांना त्यांनीच समजावून माघारी पाठवलं होतं.

"मग आता?"

"मोठ्यांच्या यादीत नाव घालते. नंबर लागायला फेब्रुवारी उजाडेल."

"डॉक्टर तर म्हणाले, दिवाळीच्या आत. फुप्फुसातला दाब वाढला तर नंतर ऑपरेशनचाही उपयोग नाही म्हणाले."

"मला माहीत आहे. केस मीच वाचलीय." मॅडमनी खिडकीकडे बघितलं. "आणखी दोन ठिकाणी चिठ्ठी देते. तिथेही याद्याच आहेत."

प्रियदर्शनी बाकावर जरा पुढे सरकली. तिच्या ओठांना निळसर झाक होती, जिना चढून आल्यावर ती गडद व्हायची. ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, मी खरंच सोळाची हाय?"

"होय, बाळा. पोळ्याला सतरा पूर्ण होतील."

"मला कोणी सांगितलंच न्हाई."

मॅडमनी मोठ्यांच्या यादीचा अर्ज पुढे केला. मुक्ताने तो घेतला, उलटसुलट पाहिला आणि गुरुजींपुढे ठेवला.

"तुम्हीच भरा, गुरुजी. तुमचं अक्षर लागतं सगळ्यांना."

त्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी पेन उघडलं. नाव लिहिलं. पत्ता लिहिला, विश्रांतवाडीचा, स्वतःच्या घराचा. पुढची ओळ जन्मतारखेची होती. तिथे पेन थांबलं.

"खरी लिहू?" त्यांनी विचारलं.

"खरी लिहिलीत तर हाही परत येईल," शेफाली मॅडम म्हणाल्या. त्या हळू बोलल्या, शाळेत मागे पडलेल्या मुलाशी बोलावं तसं.

मुक्ता पिशवीतला टॉवेल बाहेर काढून पुन्हा घडी घालत होती. गुरुजींनी कागद सरळ केला, आणि आयुष्यभर लिहिली होती ती तारीख पुन्हा एकदा लिहिली.